पहिलं ‘नको’

माझ्या नवऱ्याला उत्तम जर्मन येतं. लग्नानंतर आम्ही न्युरेम्बर्गला आलो, तेव्हापासून तो इथल्या एका कारखान्यात गिअरबॉक्सची डिझाइनं करतो आणि एका स्क्रूच्या जागेवरून जर्मन माणसांशी तासभर वाद घालू शकतो, तोही व्याकरण न चुकता. फक्त एक शब्द त्याला अजून जमलेला नाही. ‘जा’. म्हणजे हो.

कुणी काही देऊ केलं, की ह्याच्या तोंडून आधी ‘नको’ बाहेर पडतं. साताऱ्याच्या घरात तसं वळणच लावलेलं. पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, नको नको, आत्ताच झाला. दुसऱ्यांदा विचारलं की, नको हो, खरंच नको. तिसऱ्यांदा समोरच्याने कप हातातच ठेवला की मग, बरं, तुम्ही म्हणताच आहात तर अर्धा कप. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा तो हावरट. आता हे सातारला ठीक आहे हो, तिथे विचारणाऱ्यालाही तीनदा विचारायचं वळण असतं. इथे? ‘काफे?’ ‘नाइन, डांके,’ म्हणजे नको, आभार. ‘गुट,’ म्हणजे ठीक, की किटली चालली पुढच्या माणसाकडे. पहिलं वर्षभर हा माणूस ऑफिसच्या प्रत्येक मीटिंगमधून डोकं धरून घरी यायचा आणि आल्या आल्या दोन कप चहा प्यायचा. तेव्हा मी पोट धरून हसायचे. समोर मी त्याला अहो म्हणते, पण पुढे जे घडलं ते सांगताना माझ्या तोंडून अहो-जाहो निघणार नाही, आधीच सांगून ठेवते.

आमची मुलगी इथेच जन्मली. मराठी सगळं कळतं, शिव्यासुद्धा कळतात, पण उत्तर येणार जर्मनमध्ये. आणि ती वाढली, वाढली आणि वाढतच राहिली. मी काही बुटकी नाही. कॉलेजात मला पोरं शिडी म्हणायची. आई म्हणायची, जरा वाकून चालत जा गं, फोटोत मागे उभी राहा. लग्न ठरेपर्यंत मी पोक काढून चालले, आणि ते पोक अजून माझ्या पाठीत आहे. पोरगी सातवीत असताना माझ्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागली. त्या वर्षी तिच्या गिम्नाझिउममधल्या, म्हणजे इथल्या हायस्कूलमधल्या, खेळाच्या सरांनी मला पालकसभेत सांगितलं, हिला बास्केटबॉलला घाला आणि हिला कधी वाकू देऊ नका. त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली मला.

सातारहून फोन आला तो नणंदेचा. ‘वहिनी, उंची थांबवायचं काही औषध असतं म्हणे जर्मनीत. विचार की डॉक्टरांना. पुढे हिला मुलगा कुठून आणायचा?’

मी म्हटलं, ‘जिराफ बघू, वन्सं.’

दोन महिने फोन नाही. छान गेले ते महिने.

गावातल्या क्लबात ती खेळायला लागली. इथे क्लब म्हणजे सगळ्यांनी राबायचं. कुणाच्या आईने केक आणायचा, कुणाच्या बापाने संघाचे कपडे धुऊन आणायचे. मी तिखटामिठाच्या पुऱ्या न्यायचे, त्या त्यांच्या मार्मोर कुखन केकच्या आधी संपायच्या. आणि आमच्या ह्यांना मिळालं घड्याळ. मैदानाच्या कडेला टेबल असतं, त्यावर बसून वेळ चालू-बंद करायची. शिट्टी वाजली की घड्याळ थांबलंच पाहिजे, खेळ सुरू झाला की चाललंच पाहिजे. हा माणूस बटणावर अंगठा ठेवून असा ताठ बसायचा, की रॉकेट सोडायचंय जणू. ह्याच्याइतका अचूक अंगठा अख्ख्या क्लबात कुणाचा नव्हता, हे खुद्द पंच सांगायचे. दुसऱ्यांच्या पोरींचा क्षणसुद्धा वाया जाऊ द्यायचा नाही हा!

प्रेक्षकांत एक जण होता, दुसऱ्या मुलीचा बाप. दर सीझनला मला तोच प्रश्न. ‘इंडियन ना तुम्ही? मग हे कसं काय? तुमच्याकडे तर क्रिकेट खेळतात.’ दोन वर्षं मी हसून सोडून दिलं. तिसऱ्या वर्षी त्याच्या पोटाकडे बघून म्हटलं, ‘तुमच्या देशात तर सगळे फुटबॉल खेळतात. तुम्ही का नाही खेळत?’ त्यानंतर तो माझ्याकडून पुऱ्या घेईना. न घेईना का.

पोरगी नुसती उंच नव्हती, हे मला सांगायचंय. उंच तर खांबही असतो. तिचे हात बघायचे. बॉल वरच्या वर झेलायची आणि खाली न आणता तशीच वळायची, आणि समोरची मुलगी अजून उडीच मारत असायची. आमच्या इमारतीत दुपारी आवाज करायला बंदी, रविवारी तर शिंकायलाही बंदी, म्हणून ती सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये बॉल आपटत बसायची. थंडीत बोटं फुटायची. मी खोबरेल तेल लावून द्यायचे, ती ते पॅंटला पुसून परत जायची.

आता ह्या खेळाची वाट कशी असते ते सांगते, कारण तेव्हा मलाही माहीत नव्हतं. शाळेत असतानाच एखाद्या मोठ्या क्लबच्या अकादमीत जायचं. तिथेच राहायचं, तिथलीच शाळा, सकाळ-संध्याकाळ खेळ. तिथून देशाच्या ज्युनिअर संघात. तिथे अमेरिकेहून माणसं बघायला येतात, आणि विशीच्या आसपास अमेरिकेतल्या लीगचा ड्राफ्ट असतो. ड्राफ्ट म्हणजे तिथले संघ आळीपाळीने एकेक मुलगी निवडतात. जगभरातून मोजक्या मुली. आमच्या पोरीने नववीत असतानाच आपल्या खोलीच्या दारावर आतून एक कागद लावला होता, त्यावर तेवढा एकच शब्द. दार उघडं असलं की दिसायचा नाही. दार लावून ती त्याच्याकडे बघत असणार.

दहावीत असताना ड्युसेलडॉर्फच्या बाजूच्या एका अकादमीची कोच तिला बघायला आली. दोन सामने बघितले आणि म्हणाली, शनिवारी दुपारी तुमच्याकडे येते, पालकांशी बोलायचंय. मी घर चकचकीत केलं. कोच म्हणजे पन्नाशीची, स्वतः पूर्वी खेळलेली, कमी बोलणारी बाई. पोरीला आम्ही तिच्या खोलीत बसवलं, मोठ्यांचं बोलणं होऊ दे म्हणून. दार तिने किलकिलं ठेवलं होतं. मी स्वयंपाकघरात कांदाभजी तळत होते आणि डोक्यावर ती चिमणी घों घों करत होती, त्यामुळे बाहेरचं एक अक्षर मला ऐकू आलं नाही. भज्यांचं ताट घेऊन बाहेर आले तर बाई दारात वाकून बुटांच्या नाड्या बांधत होती.

‘अहो, ह्या निघाल्या कशा?’

‘त्यांना ट्रेन असेल,’ हा म्हणाला. चेहऱ्यावर समाधान. बाईने माझा हात हातात घेतला, ‘शाडे’ म्हणाली, म्हणजे वाईट वाटलं, आणि गेली. मला वाटलं भजी राहिली म्हणून म्हणतेय.

दार लागल्यावर मी विचारलं, काय झालं?

‘चांगलं झालं बोलणं. त्यांच्याकडे एक जागा आहे. हिला देऊ का म्हणून विचारत होत्या.’

‘मग?’

‘मग काय? मी म्हटलं, आख नाइन, कशाला उगाच, तुमच्याकडे कितीतरी मुली असतील, आमच्यासाठी त्रास नको.’

‘नाइन म्हणालात?’

‘अगं पहिल्यांदा. लगेच हो कसं म्हणायचं? टपूनच बसलोय असं वाटतं. आता परत विचारतील ना त्या.’

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती खरंच जाते, पायापासून सुरू होते. ताट माझ्या हातात होतं. ते मी टेबलावर ठेवलं, आपटलं नाही, कारण आतल्या खोलीचं दार उघडलं होतं आणि पोरगी उंबऱ्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आणि तिला सातारा माहीत नाही. तिला पहिलं नको, दुसरं नको माहीत नाही. तिने एवढंच ऐकलं की कुणीतरी तिच्या बापाला विचारलं, हिला पाठवता का, आणि बाप नाही म्हणाला.

‘दू हास्ट नाइन गेझाग्ट,’ ती म्हणाली. तू नाही म्हणालास.

‘अगं तसं नव्हे ते, बाळा. ते आपलं बोलण्यातलं नको.’

तिने दार लावून घेतलं.

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! माझी आई म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. मी त्या संध्याकाळी नवऱ्याला जे जे बोलले ते सगळं लिहिणार नाही, पण सातारच्या सात पिढ्या मी त्यात घेतल्या. तो म्हणत राहिला, थांब, त्या विचारतील, फोन करणं बरं दिसत नाही. मी लावला तर ती बाई त्या संध्याकाळी फोन उचलतच नव्हती, रविवारीही नाही. सोमवारी सकाळी उठून मी पुन्हा लावला.

‘माझ्याकडे एकच खाट रिकामी होती,’ ती म्हणाली. ‘तुमच्याकडून निघाले ती वुर्त्सबुर्गला दुसऱ्या मुलीकडे गेले. तिची आई मी बसायच्या आत “जा” म्हणाली. सही झाली आहे.’

मी म्हटलं, ‘माझ्या नवऱ्याचं नाइन म्हणजे नाइन नव्हतं.’

‘मग तुमच्याकडे नाइन किती प्रकारची असतात?’

‘तीन,’ मी म्हटलं.

ती हसली नाही. आणि का हसावं तिने? मी स्वतः इथल्या किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, काम करते. आमच्या वर्गात भिंतीवर रंगीत अक्षरांत लावलंय, नाइन हाइस्ट नाइन. नाही म्हणजे नाही. तीन वर्षांच्या पोरांकडून मी ते रोज घोकून घेते. एखाद्याने नाही म्हटलं की त्याला हात लावायचा नाही, खाऊ कोंबायचा नाही, परत परत विचारून छळायचं नाही. चांगली गोष्ट आहे, मला पटते. पण त्या दिवशी त्या बाईचा मला असा राग आला, की काय सांगू. अगं बाई, अख्खा देश ओलांडून आलीस, माझ्या पोरीचे हात बघितलेस, तुला कळलं ते हात काय आहेत, आणि एकदा, फक्त एकदा, परत विचारता आलं नाही तुला? आमच्याकडे पाहुण्याला लाडवासाठी तीनदा विचारतात. तू पोरीच्या आयुष्यासाठी दोनदा विचारलं नाहीस.

पण तो राग फोनवर काढून काय होणार होतं? बैल गेला आणि झोपा केला. फोन ठेवला आणि किटाला गेले. भिंतीवरची ती अक्षरं दिवसभर माझ्याकडे बघत होती.

पोरगी रडली नाही. तिने वेगळंच सुरू केलं. आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला पोळ्यांचा डबा तिच्या बाजूला असतो. दुसऱ्या दिवशी तिने बापाला विचारलं, ‘नोख आइने?’ अजून एक?

‘नको,’ हा सवयीने म्हणाला.

तिने डबा बंद केला. खट्ट.

हा वाट बघत बसला. ती जेवत राहिली. मग ह्याने भात घेतला. दुसऱ्या दिवशी तेच. कॉफी, पापा? नको. गुट. किटली जागेवर. आंब्याची फोड, पापा? नको. गुट. एकदाच विचारायची, अगदी नम्रपणे, आणि नको म्हटलं की संपलं. मी मध्ये पडले असते तर थांबलं असतं. मी पडले नाही. मलाही तो आवाज, तो डब्याचा खट्ट आवाज, हवा होता. आणि हा माणूस काय करील? हो म्हणायला शिकेल? छे! रोज नको म्हणायचा, रोज अर्धपोटी राहायचा आणि तक्रार म्हणून एक शब्द नाही. वर्षानुवर्षं. कधीकधी मला वाटायचं, ह्याला ती शिक्षा हवीच आहे. ते वाटलं की अजून राग यायचा.

वुर्त्सबुर्गची ती मुलगी अकादमीतून ज्युनिअर संघात गेली. तिचे सामने नेटवर दिसायचे. आमची पोरगी एकही सोडायची नाही. मांडीवर लॅपटॉप घेऊन, ओठ घट्ट मिटून बघायची. त्या मुलीचा काही दोष नव्हता, चांगली खेळायची, पण चूक झाली की माझ्या तोंडून ‘बघा!’ निघायचं. पोरगी म्हणायची, ‘मामा, हाल्ट.’ म्हणजे आई, थांब.

ती इथेच, न्युरेम्बर्गच्या खालच्या लीगच्या बायकांच्या संघात खेळली. कुणी नर्स, कुणी हिशेबनीस, एकीला दोन मुलं. आठवड्यातून तीन संध्याकाळी हॉल मिळायचा. बाकी पार्किंग होतंच. तिथून तिला बघायला कोण येणार? आणि आलेच तर म्हणायचे, अरे वा, पण जरा उशीर झाला नाही का? उशीर! ह्या वयाच्या पोरीला उशीर म्हणतात ही माणसं. आबिटुर झाली, म्हणजे आपली बारावी, तेव्हा तिने पहिल्या लीगमधल्या एका क्लबला स्वतः फोन केला. आम्हाला विचारलं नाही. मला तुमच्याकडे खेळायचंय, मला येऊन बघा, नाहीतर मी येते. त्यांनी बोलावलं, बघितलं आणि बाकावर बसवलं. सीझनभर ती बाकावर बसून टाळ्या वाजवत होती. मग त्यांच्या उंच मुलीचा गुडघा गेला आणि आमची उठली. ती परत बसलीच नाही.

त्यानंतर सगळं भराभर झालं. बाड हॉम्बुर्गची एक एजंट बाई तिला भेटली. तिनेच आम्हाला समोर बसवून ड्राफ्टचं सांगितलं. मुलीचं वय झालं, नाव आपोआप पात्र आहे, दोन-तीन संघ शेवटच्या फेरीसाठी विचार करताहेत. त्यांनी तिची उंची, हातांची लांबी, वजन, सगळं मागवलंय, आणि चालतानाचा, पळतानाचा व्हिडिओ.

‘कांदेपोहेच की,’ मी म्हटलं. हा हसला. पोरीला कळलं नाही, मी जर्मनमध्ये समजावलं, मग तीही हसली. जिची उंची औषध देऊन थांबवायला निघाले होते, तिच्या उंचीपासूनच इथे बोलणं सुरू होत होतं. मला नणंदेला त्या क्षणी फोन लावावासा वाटला.

‘एक लक्षात ठेवा,’ एजंट म्हणाली. ‘निवडीच्या आधी संघाचा फोन येईल. युरोपच्या मुलींना निवडतात आणि मग त्या अमेरिकेला जातच नाहीत, म्हणून आधी विचारून घेतात. उन्हाळ्यात कॅम्पला येशील का, संघात ठेवू की परत पाठवू याची खात्री नाही, तरी येशील का. ते एकदाच विचारतात. जिने आढेवेढे घेतले तिचं नाव खोडतात आणि पुढचा फोन लावतात. उत्तर हो, आणि लगेच.’

मी नवऱ्याकडे बघितलं. तो आपल्या गुडघ्यांकडे बघत होता.

त्या दिवसांत मी स्वयंपाकघरात पोरीची तालीम घ्यायचे. कुकरच्या शिट्ट्या मोजत असताना मध्येच वळून इंग्रजीत विचारायचे, ‘येशील का?’ ती म्हणायची, ‘येस.’ मी म्हणायचे, अजून लवकर. शेवटी वैतागली. ‘मामा, इश बिन डॉख निश्ट पापा!’ मी काही पापा नाहीये!

ड्राफ्टच्या आधीच्या रविवारी ती घरीच होती. दुपारी जेवायला बसलो होतो, वरणभात, बटाट्याची भाजी. तिचा फोन वाजला. अमेरिकेचा नंबर. तिने माझ्याकडे बघितलं, मी खूण केली, स्पीकरवर टाक. एका बाईचा आवाज, हसरा, भराभर बोलणारा. मी अमुक संघाकडून बोलतेय, तुझे व्हिडिओ बघितले, आम्हा सगळ्यांना तुझे हात फार आवडले. हात म्हटल्यावर मला रडूच यायला लागलं. मग तो प्रश्न आला. एजंटने सांगितला होता तसाच, शब्दन् शब्द.

पोरीने तोंड उघडलं. आणि तिच्या तोंडून, इथे जन्मलेल्या, इथे शिकलेल्या, बापाच्या प्रत्येक ‘नको’वर खट्ट डबा बंद करणाऱ्या माझ्या पोरीच्या तोंडून इंग्रजीत निघालं, ‘ओह नो, नो... म्हणजे, तुमच्याकडे माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या मुली असतील...’

माझ्या हातातला घास हातातच राहिला. सातारा! अख्खा सातारा त्या टेबलावर येऊन बसला.

 ‘ओके,’ ती बाई म्हणाली. आवाजातलं हसू गेलं होतं. ‘म्हणजे नाही असं समजू का?’

पोरगी पांढरीफटक.  मी ओरडणार होते, पण माझ्या आधी टेबलावरून एक हात आला. वरणाने माखलेला. त्या अंगठ्याने फोन ओढून घेतला.

‘मॅडम,’ माझा नवरा म्हणाला, ‘मी तिचे वडील बोलतोय. प्लीज, तिला परत विचारा.’

‘सॉरी, सर?’

‘परत विचारा तिला. आमच्या घरात पहिलं नको खरं नसतं. ती आमची रीत आहे, मी शिकवली तिला, माझी चूक आहे. तिला यायचंय. लहान असल्यापासून तिला तुमच्याकडेच यायचंय. फक्त एकदा परत विचारा. प्लीज.’

ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाकडे पाण्याचा पेला मागितला नाही, तो फोनवर एका परक्या बाईसमोर प्लीज प्लीज करत होता. 

 पलीकडून ती बाई म्हणाली, ‘ऑल राइट. परत विचारते. तू—’

‘येस,’ पोरगी म्हणाली. ‘येस. येते. नक्की येते.’

फोन ठेवला. फोनभर वरण लागलं होतं. आणि मला काय वाटलं असेल? आनंद? खोटं कशाला बोलू, मला संताप आला. इतकी वर्षं साठवलेला सगळा उफाळून आला. मी उभी राहिले आणि ओरडले, ‘हेच वाक्य! हेच वाक्य त्या दिवशी सोफ्यावर का नाही सुचलं तुम्हाला? ती बाई समोर बसली होती तुमच्या! परत विचारा म्हणायला काय झालं होतं?’

‘तेव्हा वाटलं,’ तो म्हणाला, ‘विचारतीलच.’

एवढंच म्हणाला. हात धुवायला उठला आणि बराच वेळ नळ चालू होता. पोरगी बाथरूमच्या बंद दाराकडे बघत बसली होती. त्या दिवशी सोफ्यावर बाप नाही म्हणाला म्हणजे त्याला काय म्हणायचं होतं, हे तिला इतक्या वर्षांनी कळलं असावं, कारण तेच शब्द आत्ता तिच्या स्वतःच्या तोंडून निघाले होते. मी तिला काही विचारलं नाही. भाजी गार झाली होती, ती परत गरम केली.

निवड झाली तेव्हा इथे आम्ही झोपलेलो होतो, म्हणजे झोपायचं सोंग करत होतो. उजाडल्यावर एजंटचा निरोप आला. शेवटच्या फेरीत, अगदी शेवटून चौथं नाव. तिथल्या माणसाने आमचं आडनाव वाचताना त्याची अशी काही खिचडी केली होती, की आम्ही तो व्हिडिओ तीनदा लावला तेव्हा कुठे ते आमचंच आहे हे कळलं. कॅम्पला जायचंय. कदाचित दोन आठवड्यांत परत पाठवतील. शेवटच्या फेरीतल्या बहुतेकींना पाठवतातच, एजंटने ते लपवलं नाही. पण नाव घेतलं होतं.

सातारहून फोन आला. ‘बघ वहिनी, मी म्हणतच होते, उंची वाया जाणार नाही!’ मी फोन नवऱ्याच्या हातात दिला.

तो बोलून टेबलाशी येऊन बसला. पोरगी कॉफी करत होती. अजून झोपेतले केस, खांदे सरळ. किटली घेऊन वळली.

‘पापा, काफे?’

‘नको नको,’ तो म्हणाला. ‘तू घे.’

सवयीने तिचा हात वळला. किटली जागेवर ठेवायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. मी ओट्याशी उभी होते, मला दोघंही दिसत होते. ती त्याच्याकडे बघत होती. आणि मग मराठीत, जे मराठी तिच्या तोंडून मी शेवटचं कधी ऐकलं मला आठवत नाही, ती म्हणाली, ‘घे ना, बाबा.’

ह्याने मान वर केली. ‘नको गं,’ म्हणाला.  ‘खरंच नको.’

‘घे. अर्धा कप.’

‘बरं,’ तो म्हणाला. ‘तू म्हणतेच आहेस तर.’

तिने कप काठोकाठ भरला, वर अजून ओतत राहिली, आणि तो काही तिला थांब म्हणेना. शेवटी मीच दोघांवर ओरडले, की टेबलक्लॉथ कालच धुतलाय.